ताऱ्यातला पिवळा बल्ब

यंदा नाताळात आमच्या घरावर तारा लागला, पण पेटला नाही. शेजारच्या वहिनींनी गच्चीवरून दोनदा विचारलं, "भाऊ, तारा बिनउजेडाचा का ठेवलाय?" मी म्हणालो, उंदरानं वायर कुरतडली. उगीच त्या उंदराला बदनाम केलं. वायर चांगली होती, होल्डर चांगला होता, फक्त आत बल्ब नव्हता. तो कुठं आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, पण तिथून काढायला हात धजावत नव्हता.

तारा म्हणजे आमच्या घरात बायकोचा मामला. देवळाली प्रवरात आमच्या गल्लीत आता सगळ्यांच्या दारावर बाजारातले प्लॅस्टिकचे तारे दिसतात. ही मात्र दरवर्षी बांबूच्या कामट्या तासायची, पतंगाचा लाल कागद आणायची आणि स्वयंपाकघरात खळीचं पातेलं घेऊन बसायची. त्या दिवशी जेवण वेळेवर मिळेल ही आशा मी सोडून द्यायचो. आत बल्ब लावायचा तो पिवळाच, जुना, तारेचा. एकदा मी हौसेनं पांढरा एलईडी लावला, तर मी शिडीवरून उतरायच्या आत तिनं मला तो काढायला लावला. "ह्यो तारा हाय का दवाखान्याचा बोर्ड?" नाताळ उरकला की तो पिवळा बल्ब फडक्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यात जायचा.

उजेडाचं तिला भारी वेड. संध्याकाळ व्हायच्या आत घरातले सगळे दिवे लावायची. मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी केलेला माणूस. फुकट जाणारी कुठलीही गोष्ट मला बघवत नाही. ती पुढं जाऊन दिवे लावायची आणि मी मागनं बंद करत फिरायचो. संडासातला, मोरीतला, ओट्यावरचा. "अंधारात बसायला आपुन काय चोर हाय का?" ती म्हणायची. "बिल तू भर," मी म्हणायचो. एवढ्या संवादावर आमचा सगळा संसार झाला म्हटलं तरी चालेल.

अशा बाईला उजेड सोसेना झाला.

गेल्या उन्हाळ्यात तिचं डोकं दुखायला लागलं. नगरला नेलं, फोटो काढले. डोक्यात गाठ निघाली, आणि तीही अशा जागी की हात लावण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर म्हणाले. घरी न्या, जपा. घरी आणलं. हळूहळू खोलीतला दिवा लावला की ती कळवळायला लागली. "आवो, बंद करा, डोळ्यात काटं घुसत्यात." तोंड भिंतीकडं फिरवून पदर ओढून घ्यायची. खिडक्यांना मी चादरी लावल्या, दार लोटून ठेवायला लागलो. पण संध्याकाळनंतर पूर्ण अंधार झाला की तिला दुसरी धास्ती. हात चाचपत विचारायची, "तुमी हाय ना? मला काईच दिसंना. आपुन हाय का गेलो त्येच कळत न्हाई."

दिवा लावला की तिचं तोंड भिंतीला, मला दिसायची नुसती पाठ. बंद केला की पाठही दिसायची नाही. किती दिवस हातात आहेत ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण थोडे आहेत हे आम्हा दोघांना कळलं होतं. तेवढ्या दिवसांत बायकोचं तोंड बघायला मिळावं एवढंच मला हवं होतं. यात काही जास्त मागणं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

झिरोचा बल्ब लावून पाहिला. त्याच्या हिरव्या उजेडात मी तिला भुतासारखा दिसलो. मेणबत्ती लावली, तर पंख्यानं विझायची आणि पंखा बंद केला तर त्या कोंडलेल्या खोलीत जीव गुदमरायचा. शेवटी पुण्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं, "पप्पा, डिमर बसवा ना. पंख्याच्या रेग्युलेटरसारखाच असतो. उजेड हवा तेवढा कमी-जास्त करता येतो."

डिमर मी राहुरीहून आणला. वायरमनला बोलवायचं नाही असं ठरवलं. हे काम दुसऱ्याच्या हातून व्हावं असं वाटेना. मेन स्विच पाडला, टेस्टर लावून बोर्डात करंट नसल्याची खात्री केली, पट्टीचे स्क्रू काढले. बटणाच्या मागं दोन वायरी होत्या. बटण घट्ट बसलेलं, वर्षानुवर्षं मीच दाबून बंद केलेलं. ते काढलं आणि डिमर बसेना, कारण बोर्डाचं भोक लहान. मग करवतीचं पान घेऊन सनमायका कापत बसलो. बाहेर ट्रॅक्टर चालले होते, आत माझं खर्रखर्र. ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "भिंत पाडताय का काय?" कितीतरी दिवसांनी ती मला टोचून बोलली होती. मला इतकं बरं वाटलं की पान हातातून निसटलं.

डिमर बसला तो पंख्याच्या रेग्युलेटरच्या अगदी शेजारी. दोन्ही गोल, दोन्ही पांढरे. मेन चालू केला, डिमर फिरवला, आणि छतावरचा एलईडी बल्ब कमी होण्याऐवजी फडफडायला लागला. वर गुणगुण आवाजही. ती ओरडलीच. "काडा त्यो! डोस्क्यात भुंगा शिरल्यावानी हुतंय!"

दुकानदारानं सांगितलं, साध्या एलईडीला डिमर चालत नाही. जुना पिवळा बल्ब असता तर लोण्यासारखा चालला असता. पण तो आता कोण ठेवतं? कोंबड्यांची पिल्लं उबेला ठेवणारे नेतात, त्यांच्यापुरते मागवतो आणि तेही संपलेत. मी राहुरी फॅक्टरीवर फिरलो, श्रीरामपूरला गेलो. नगरलाही एक चक्कर टाकली. सगळीकडं पांढरा, ढिगानं पांढरा. घरी येऊन तिच्या पाठीशी बसलो आणि वैतागून म्हणालो, "एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एक पिवळा बल्ब मिळेना."

 ती भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली, "तांदळाच्या डब्यात हाय की."

माझ्या डोक्यात तो आलाच नव्हता. तो ताऱ्याचा बल्ब होता; ताऱ्याचा बल्ब खोलीत लावायचा असतो असं आमच्या घरात कधी झालंच नव्हतं. मी म्हणालो, "अगं, तो ताऱ्याचा. उडाला तर नाताळाला काय लावायचं?"

"नाताळाला परत लावू," ती म्हणाली.

बल्ब लावला. डिमर अगदी थोडा फिरवला, टक आवाज झाला आणि आतली तार निखाऱ्यासारखी लाल झाली. आणखी थोडं, तसा शेंदरी उजेड उतरला. फडफड नाही, आवाज नाही. मी बोर्डाजवळच उभा राहिलो, श्वाससुद्धा जपून घेत. तिनं पदर खाली केला. एक डोळा उघडला, मग दुसरा. मग कोपरावर जोर देऊन ती हळूहळू माझ्याकडं वळली.

"आवो," ती म्हणाली, "किती वाळलायसा तुमी."

मी वाळलो होतो! तिच्या गालाची हाडं वर आलेली, आणि ही मला म्हणते वाळलायसा. मला हसू आलं आणि मग ते हसू राहिलं नाही. तिनंही मला रडू दिलं.

त्यानंतरच्या आमच्या संध्याकाळी चांगल्या गेल्या, असं म्हणायला मला लाज वाटत नाही. मी खुर्ची तिच्या खाटेच्या डोक्याशी ओढून घ्यायचो, पवित्र शास्त्रातलं थोडं वाचायचो. त्या उजेडात अक्षरं नीट दिसत नसत, मग मी पाठ असलेलंच म्हणायचो आणि चुकलं की ती सुधारायची. पंखा वाढवायला उठलो की माझा हात हमखास डिमरवर जायचा. एकदम लख्ख उजेड! मी धावत जाऊन तिच्या डोळ्यांवर तळहात धरायचो. हाताखाली तिच्या पापण्या पकडलेल्या पाखरासारख्या फडफडायच्या. उजेड कमी करून आलो की ती म्हणायची, "वारा मागावा तर उजीड देताय. जलमभर उजीड मागितला तवा दिला न्हाई." पंख्याच्या बटणावर मी लाल चिकटपट्टी लावली, तरी चुकायचोच.

एकाच गोष्टीला ती भ्यायची. डिमर डावीकडं पूर्ण फिरवला की शेवटी टक असा आवाज होऊन तो बंद होतो. तो टक तिला ऐकवायचा नाही. एकदा झोपली असं समजून मी बंद केला, तर दचकून माझा हात शोधायला लागली. "तेवडा टक नका हू देऊ. त्याच्या आलीकडंच ऱ्हाऊ द्या." मग मी तो टकच्या अलीकडंच ठेवायला लागलो.

लेक आली ती ऑक्टोबरच्या शेवटी, दिवस मावळताना. एसटीनं आलेली, घामानं भिजलेली. आई झोपलीय असं बघून ती पायांचा आवाज न करता आत गेली. मी तिच्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन मागोमाग आलो. खोलीत उकडत होतं. तिनं पंखा वाढवायला बोर्डाकडं हात नेला, आणि बापाची लेक, तिचाही हात नको त्या बटणावर गेला.

खोली लख्ख झाली. तांब्या माझ्या हातून पडला. मी धावलो आणि नेहमीसारखा तिच्या डोळ्यांवर तळहात धरला. "कमी कर आधी!" मी लेकीवर खेकसलो. "तिला सोसत नाही!"

"सॉरी, पप्पा, मी पंखा..." म्हणत तिनं उजेड कमी केला.

माझ्या हाताखाली काही फडफडलं नाही.

मी हात काढला नाही. लेकीनं विचारलं, "पप्पा, काय झालं?" तरी काढला नाही. थोड्या वेळानं काढला तेव्हा तिचं तोंड माझ्या खुर्चीकडंच होतं. भिंतीकडं वळलेलं नव्हतं.

मग माणसं जमली, पाळकसाहेब आले. कुणीतरी म्हणालं, दिवा मोठा करा, काही दिसत नाही. मी केला. आता कुणाला त्रास होणार होता? मातीला जाऊन आल्यावर घर रिकामं झालं, तेव्हा मी त्या खोलीत गेलो आणि डिमर फिरवत फिरवत टकच्या अलीकडं आणून ठेवला.

तो अजून तसाच आहे. लाईट जाते तेव्हा बल्ब आपला आपण विझतो, येते तेव्हा आपला आपण लागतो. बटणाला मी हात लावत नाही. लेक पुण्याहून फोनवर म्हणाली, "पप्पा, मम्मीनं सांगितलं होतं ना, नाताळाला परत लावू. लावा की." सांगितलं होतं खरं. म्हणून मी कामट्या तासल्या, वेडावाकडा का होईना तारा केला, आणि नाताळाच्या आदल्या संध्याकाळी स्टूल घेऊन तिच्या खोलीत गेलो. बल्ब काढायचा तर आधी बंद करायला हवा. मेन स्विच पाडूनही काढता येतो, एवढं मला कळतं. पण कळून काय उपयोग. मी बोर्डाजवळ गेलो, डिमरवर बोटं ठेवली, आणि तसाच उभा राहिलो.

जन्मभर मी तिच्या मागं दिवे बंद करत फिरलो. हा एक मला बंद करता येत नाही.