दादाने न घेतलेले तीन डोस

माझा मोठा भाऊ दातांचा डॉक्टर होता आणि सुईला घाबरायचा. दिवसभर लोकांच्या हिरड्यांत इंजेक्शनं देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दंडाजवळ सुई आली, की त्याला दरदरून घाम फुटायचा. हे फक्त त्याला आणि मला माहीत होतं. बावीस वर्षं मी त्याच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसले. नंबर लावायचे, केसपेपर लिहायचे, रडणाऱ्या पोरांना आणि त्यांच्याहून जास्त रडणाऱ्या त्यांच्या बापांना गप्प करायचं, ही माझी कामं. घरी तो 'दादा, तू'. दवाखान्यात 'डॉक्टर, तुम्ही'.

त्याच्या हाताला गुण होता. दाढ निघाली तरी माणूस विचारायचा, "झालं पण?" घाबरट पेशंटवर तो कधी खेकसला नाही. लोक म्हणायचे, काय शांत स्वभाव! मी मनात म्हणायची, भाऊबंदच आहेत ते त्याचे.

मी कामाला लागले तेव्हा हिपॅटायटिस बीची लस मला त्यानेच टोचली. तीन डोस, ठरलेल्या तारखांना, आणि नंतर रक्ताची तपासणीसुद्धा.

"आपलं काम रक्ताशी आहे," तो म्हणाला. "ही कावीळ सरळ यकृतावर जाते. हयगय चालणार नाही."

"आणि तुझी लस?"

"घेईन गं. पळून चाललीय का ती?"

मी हसले. आज त्या हसण्याचा मला संताप येतो.

दरवर्षी दंतवैद्यांच्या संघटनेचा फॉर्म यायचा. त्यात लसीच्या डोसांसाठी तीन चौकोन असत. पहिल्या वर्षी माझं पेन तिथे अडलं. आतून, ड्रिलच्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला, "मार तिन्हींवर टिक!" मी मारली. पुढच्या वर्षी विचारलंसुद्धा नाही. मग एका वर्षी संघटनेने त्यालाच डॉक्टर आणि नर्स होऊ घातलेल्या मुलांपुढे लसीवर बोलायला पाठवलं, आणि हा पठ्ठ्या गेलासुद्धा! इतकं सुरेख बोलला की मुलांनी टाळ्या थांबवल्या नाहीत. मी मागच्या बाकावर बसून त्याच्याच कौतुकाने फुगले होते. लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही.

त्यानंतर चार वर्षांनी एका निवृत्त शिक्षकांची दाढ काढताना, हिरडीतून बाहेर काढलेली सुई दादाच्या अंगठ्यात घुसली. शिक्षकांना हिपॅटायटिस बी आहे, हे मीच त्यांच्या केसपेपरवर लाल पेनाने लिहिलं होतं. आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं. तिथली तरुण डॉक्टर दादाला पाहून उठून उभी राहिली.

"सर, तुमचं भाषण ऐकून आमच्या अख्ख्या वर्गाने लस घेतली होती. तुमचे तिन्ही डोस झालेत, नाही का? आणि रक्ताची तपासणी?"

दादाचा चेहरा पांढरा पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"झालंय सगळं," तो म्हणाला. "तपासणीही उत्तम आहे."

"मग काळजी नाही. लस घेतली नसती तर आज दोन इंजेक्शनं द्यावी लागली असती."

मी मूग गिळून बसले. वर विचारलं काय, तर "डॉक्टर, निघायचं का? पेशंट खोळंबलेत." घरी आल्यावर मी त्याच्यामागे लकडा लावला. ती इंजेक्शनं घ्यायला अजून चार-सहा दिवस हातात होते, दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये जाता आलं असतं, तिथे त्याला कोण ओळखत होतं? "विषय संपला," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. मीही संपवला. त्याला ओढत न्यायला हवं होतं मी.

तिसऱ्या महिन्यात त्याचे डोळे पिवळे झाले. मोठी माणसं बहुतेक वेळा यातून बरी होतात म्हणे, पण दादाच्या यकृताने आठवड्याभरात हात टेकले. तीच डॉक्टर त्याच्या खाटेशी उभी राहून रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचत होती. "लस घेऊनही असं कसं झालं?"

"एकही डोस घेतला नव्हता त्याने," मी म्हटलं. "फॉर्म मी भरायचे."

ती कागद खाली ठेवून बाहेर गेली.

दादा जागाच होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"त्या दिवशी का नाही बोललीस?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं.

"तिच्यासमोर तुझी फजिती झाली असती, दादा."

"होऊ द्यायची होतीस गं," तो म्हणाला.

चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.