सोपानरावांनी चार वेळा कट केलेला फोन

बुधवारी सकाळी ऑनलाइन सप्लायर डिरेक्टरीचा मेल दुसऱ्यांदा आला. व्हेरिफिकेशन होऊ शकलं नाही, अर्ज रिजेक्ट. मी रहाटणीत माझ्या टेबलाशी बसून फॉर्म ओळीओळीने पुन्हा तपासला. एकही चूक सापडेना, आणि त्यानेच जीव जास्त टांगणीला लागला.

आजी रिटायर होऊन करते काय, असं तुम्ही नातवंडं विचारता. छोट्या वर्कशॉपांचा इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळते. हा अर्ज चाकणच्या सोपानरावांच्या वर्कशॉपचा. ते फिक्श्चर बनवतात. ड्रिल करताना पार्ट हलू नये म्हणून त्याला घट्ट धरणारी चौकट. मोठा कस्टमर परराज्यात गेल्यापासून त्यांची पाचपैकी तीन मशिनं बंद होती. नव्या कंपनीच्या परचेस ऑफिसरने स्पष्ट सांगितलं होतं: सप्लायर आम्ही त्या ऑनलाइन डिरेक्टरीतूनच घेतो, यादी शुक्रवारी पाचला बंद. सोपानरावांची वेबसाइट तयार होती, पण डिरेक्टरीत नाव नसेल तर ती कोण बघणार?

मी डिरेक्टरीच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीने रेकॉर्ड वाचून दाखवलं. चार कॉल केले. तीन कट झाले. चौथ्याला मालक म्हणाले, विकायची नाही, आणि तोही कट केला.

मी तडक चाकण गाठलं.

"रोज धा एजंट जमीन मागत्यात, मॅडम," सोपानराव म्हणाले. "अनोळखी नंबर आला की आमी नावबी इचारत न्हाई."

"त्यातला एक डिरेक्टरीचा होता."

"मग त्यांनी तसं सांगायचं की."

"तुम्ही सांगू दिलंत?"

त्यांनी हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला.

फॉर्ममधला नंबर बदलायला आठवडा लागणार होता. मालकानेच बोलायचं, असा नियम. म्हणून मी शुक्रवारचा कॉल मागून घेतला; तो कुठल्या नंबरवरून येईल, हे मात्र ऑफिसही सांगेना. शुक्रवारी दहा वाजता सोपानरावांच्या शेडमध्ये जाऊन बसले. येईल तो फोन उचलायचा आणि "नमस्कार" म्हणायचं, एवढंच त्यांना बजावलं. दुपारपर्यंत सहा एजंट झाले. सोपानरावांचा नमस्कार दर वेळी आखूड होत गेला. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं, मग पुन्हा बघायला लागले.

साडेतीनला डिरेक्टरीचा फोन आला. सोपानरावांनी नाव, पत्ता, मेलमधला व्हेरिफिकेशन कोड एका दमात सांगितला आणि पलीकडच्या मुलीला विचारलं, "आता ठिवू का, ताई?"

पावणेपाचला डिरेक्टरीत वर्कशॉपचं नाव दिसलं. पुढच्या महिन्यात त्या नव्या कंपनीची ट्रायल ऑर्डर आली आणि एक मशिन सुरू झालं. दोन अजून बंदच आहेत.

तेव्हापासून फॉर्मवर नंबर लिहिण्याआधी मी तो कोणाचा आहे हे विचारत नाही. तो उचलतं कोण, हे विचारते.