भिंतीवरचं पोट

हिंगोली जिल्ह्यात दुसऱ्याच्या पोटाची आमच्या दाजींइतकी काळजी वाहणारा माणूस आजवर झाला नाही, आणि यापुढे होऊ नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घर डोंगरकड्याला. नोकरीचा सगळा काळ त्यांनी आसपासच्या शाळांत विज्ञान शिकवण्यात घालवला. विज्ञानात प्रकाश असतो, ध्वनी असतो, चुंबक असतं. पण हे धडे दाजी घाईघाईत उरकून टाकत आणि पचनसंस्थेपाशी पोचले की मुक्काम ठोकत. दिवाळीच्या सुट्टीआधी घास तोंडात टाकलेला असे, तो होळी आली तरी मोठ्या आतड्यापर्यंत पोचत नसे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना चुंबकाचं एक अक्षर सांगता येणार नाही, पण जठर दाखवा म्हटलं तर झोपेतसुद्धा बरोबर डाव्या बाजूला हात ठेवतील.

निवृत्तीच्या समारंभात शाळेने विचारलं, सर, तुम्हाला काय देऊ? शाल म्हणावं, घड्याळ म्हणावं. दाजी म्हणाले, "तो तक्ता द्या." वर्गातला पचनसंस्थेचा तक्ता त्यांनी गुंडाळी करून काखेत मारून घरी आणला आणि बैठकीत, दिवाणाच्या बरोबर समोर टांगला. त्यात एक माणूस उभा आहे. तोंड कडेने कापलेलं, त्यातून गुलाबी अन्ननलिका खाली उतरलेली, मग जठराची पिशवी, तपकिरी यकृत, त्याखाली हिरवं पित्ताशय, मागे दडलेलं स्वादुपिंड आणि खाली आतड्यांची वेटोळी. पचनाच्या कामाचं जे नाही ते चित्रकाराने गाळूनच टाकलंय, तिथे नुसता पांढरा कागद. घरात आलेल्या माणसाच्या हातात चहाचा कप पडला की डोळ्यांसमोर हे. माझी बहीण म्हणते, "लोकायच्या बैठकीत देव असतेत, आमच्या बैठकीत आतडी."

दाजींचं जेवण हा बघण्याचा कार्यक्रम असतो, आणि वेळ असेल त्यानेच तो बघावा. भाकरीचा तुकडा तोंडात गेला की त्यांचे डोळे मिटतात, जबडा चालू होतो, आणि समोरच्याचं जेवण आटपून हात वाळून जातो तरी यांचा घास गिळून झालेला नसतो. ते ताकसुद्धा चावतात. मी स्वतः पाहिलंय. घोट तोंडात घेऊन शांतपणे चावत बसतात. "लाळ मिसळल्याबिगर काही खाली सोडायचं न्हाई," असा त्यांचा नियम आहे. वर्गात ते पोरांना ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा द्यायचे आणि गोड लागेपर्यंत चावायला लावायचे. लाळेनं पिठाची साखर होते, हे जिभेनंच कळायला पाहिजे, पुस्तकानं नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढच्या आळीत शेळ्या पाळणारं एक घर आहे. तिथल्या शेळ्या रवंथ करायला बसल्या की दाजी कुंपणाला टेकून कौतुकाने बघत उभे राहतात. एकदा शेळीवाल्याला म्हणाले, "बघा, कशी शिस्तीत चावून राहिली. शिका काही." तो म्हणाला, "गुर्जी, तिला दुसरं काम न्हाई. मला हाय."

लहान आतडं माणसाच्या पोटात मावतं कसं, हा प्रश्न त्यांना एकदा कोण्या पाव्हण्याने विचारला. विचारायला नको होता. दाजी उठले, आतल्या खोलीत गेले, कपाट उघडलं आणि माझ्या बहिणीचा लग्नातला शालू घेऊन आले. एक टोक पाव्हण्याच्या हातात, दुसरं टोक स्वतः धरून अंगणात निघाले. "हे एवढं लांब. आता बघा." मग त्यांनी त्याच्या घड्या घातल्या, नागमोडी, एकावर एक, आणि सगळा गठ्ठा पाव्हण्याच्या पोटाशी धरला. "मावलं का न्हाई?" पाव्हणा व्हय म्हणाला. बहीण दारात उभी राहून बघत होती. त्यानंतर ती तो शालू कधी नेसली नाही. बाळापूरला जाणाऱ्या जीपमध्ये तर दाजी चढले की ड्रायव्हर बशीरभाई आधीच सांगून ठेवायचे, "मास्तर, पेट की बात उतरने के बाद." कारण एकदा मागच्या सीटवरच्या बाईंनी ढेकर दिला होता आणि दाजींनी जीप थांबवून सगळ्यांना ढेकराचा उगम समजावला होता.

असा हा माणूस. आणि त्यांना एकुलती एक पोरगी, शीतल. बापाच्या गळ्यातला ताईत. लहानपणी तिला अंगाईऐवजी घासाचा प्रवास ऐकवला जायचा आणि घास जठरात पोचला की ती झोपायची.

शीतलला सेनगावचं स्थळ आलं. मुलाचं स्वतःचं औषधाचं दुकान. पोरगा तिच्याच कॉलेजात शिकलेला, चेहऱ्याने ओळखीचा. आदल्या दिवशी तिने मला हिंगोलीला फोन केला. "मामा, मला पोरगा पसंत हाय. तू फक्त पप्पाला आवर." आवाजात एवढी तळमळ होती की मी पहाटेच निघालो. बहिणीने तक्त्यावर फुलाफुलांची चादर चारी बाजूंनी खिळ्यांना बांधली होती. दाजींकडून तिने देवापुढे वचन घेतलं होतं की पाव्हणे जाईपर्यंत पोटातली कुठलीही गोष्ट बाहेर काढायची नाही. दाजी बिचारे खरंच मनावर घेऊन बसले होते. पाऊसपाणी, सोयाबीन, रस्त्याचे खड्डे, असं एकेक बोलत होते, पण जीव कशातच नव्हता.

मग पोहे आले. मुलाचे वडील अंगापिंडाने भरभक्कम, तुरीचे मोठे शेतकरी. त्यांच्या हातात बशी आली तशी मोकळी झाली. दाजींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मी त्यांच्या पायावर पाय ठेवला. बहिणीने आग्रहाने दुसरी बशी दिली, तीही चावण्याचा त्रास न घेता आत गेली. दाजींच्या कपाळावर घाम आला. आणि त्याच वेळी पाव्हण्यांना उचकी लागली. मुलाची आई कौतुकाने म्हणाली, "कुणीतरी आठवण काढून राहिलं वाटतं."

बस. तिथेच सगळं संपलं. दाजी उभे राहिले. "आठवण कशाची, ताई? छातीच्या खाली पडदा असतो, त्याला झटके बसून राहिलेत. न चावता भरलं की असंच व्हतं." एका हाताने त्यांनी चादर ओढली, दुसऱ्या हाताने दाराआडची छडी काढली, आणि तक्त्यातला माणूस पाव्हण्यांच्या समोर उघडा झाला. मी कपाळाला हात लावला. शीतल चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली तेव्हा घास लहान आतड्यात होता. ती ट्रे धरून तशीच उभी राहिली, कारण मधे बोललं की पप्पा पुन्हा तोंडापासून सुरू करतात हे तिला लहानपणापासून माहीत होतं. चहावर साय धरली. मोठ्या आतड्याने पाणी शोषून घेतलं, पुढचंही सगळं झालं, आणि मग दाजींनी छडी मुलाकडे वळवली. "तुमचं सांगा. सकाळी पोट साफ व्हतं का? चहाच्या आधी का नंतर?"

मुलगा वर्गात उठावं तसा उठला. "नंतर, सर."

"हं," दाजी म्हणाले. त्यांनी हळूहळू मान हलवली. "बसा."

पाव्हण्यांनी गार चहा घेतला, एकमेकांकडे पाहिलं आणि निघाले. जाताना 'कळवतो' म्हणायची रीत असते. कुणी म्हणालं नाही.

आमच्याकडे मुलाकडच्यांनी कळवायचं आणि मुलीकडच्यांनी फोनकडे बघत बसायचं, असं ठरलेलंच आहे. तसे सगळे बसले. फोन काही आला नाही. शीतल बापाला एका शब्दानेही बोलली नाही, त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. तिचं ताट जसं वाढलं तसं परत जाऊ लागलं. दाजी ते ताट बघायचे आणि उठून अंगणात जायचे. एके दिवशी बहिणीचा मला फोन आला, "येऊन जा. यायनी तक्ता उतरवला." मी गेलो तर भिंतीवर तक्त्याच्या आकाराचा चौकोन तेवढा उजळ दिसत होता आणि दाजी त्याखाली बसले होते. म्हणाले, "पोरीच्या जठरात बिघाड न्हाई. बिघाड माझ्या तोंडात हाय. चल सेनगावला. माफी मागून येऊ."

हिंगोलीपर्यंत एसटीने आणि तिथून जीपने गेलो. समोरच्या सीटवरचा एक गडी सबंध भजी गिळत होता. दाजींनी पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांचं असं गप्प बसणं मला बघवेना.

सेनगावला पोचलो तर मुलाचे वडील ओसरीत जेवायला बसलेले. आम्हाला पाहताच त्यांनी तळहात वर केला, म्हणजे थांबा. बोलले नाहीत. मुलाच्या आईने मुकाट्याने पाण्याचे पेले आणून दिले. आम्ही खाटेवर बसलो. ते भाकरीचा तुकडा मोडायचे, तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग पुढचा तुकडा. घरी आलेल्या माणसाला असं ताटकळत ठेवावं, हे मला तर खपेना. दाजी खालमानेने कुजबुजले, "अपमान करून राहिले. करू दे. माझंच चुकलं." थोड्या वेळाने मान जरा वर करून पाहिलं आणि पुन्हा कुजबुजले, "चावून मात्र बराबर राहिलेत."

अखेर ताट संपलं. हात धुऊन, तोंड पुसून ते आमच्यासमोर येऊन बसले. "माफ करा हां, मास्तर. जेवताना बोलू नये, असं तुमीच सांगितलं हुतं."

दाजींनी हातातला पेला खाली ठेवला.

"तवापासून छातीतली जळजळ पार गेली बघा," ते सांगू लागले. "पोराच्या दुकानातल्या निम्म्या गोळ्या मीच खाऊन राहिलो होतो. आणि एवढं वय झालं, भाकर गोड असते हे मला कुणीच सांगितलं न्हवतं."

"मग फोन काहून न्हाई केला?" मी विचारलं.

"कोणत्या तोंडानं करावा? मास्तरनं पोराला नापास केलं न्हवं का. तो 'नंतर' म्हणला, तर यायनी 'हं' म्हणून मान हलवली आन् 'बसा' म्हणले. तवापासून पोरगं पहाटे उठून चहाच्या आधीच जाऊन बसून राहिलं रोज. त्याला काही जमून न्हाई राहिलं."

दाजींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, बरोबर उत्तराला बी मी तसाच 'हं' म्हणतो. तीस वर्षांची खोड हाय ती. पास हाय तुमचं पोरगं. त्याला सांगा, चहा घेऊनच जा म्हणावं."

लग्न डोंगरकड्यालाच झालं. शीतल हट्टाने आईचा तोच शालू नेसली. सगळे म्हणाले, काय शोभून दिसते. मला मात्र मामा म्हणून तिला मांडवात नेताना सारखं लहान आतडंच आठवत होतं, आणि हसू दाबता दाबता माझेच डोळे भरून आले. पंगत बसली. 'सावकाश होऊ द्या' हे आपण सगळेच म्हणतो आणि कुणी मनावर घेत नाही. पण दाजी हात मागे बांधून प्रत्येक पानासमोर उभे राहून ते म्हणत होते, आणि पानावरच्या माणसाचा पुढचा घास चावून होईपर्यंत हलत नव्हते. पहिली पंगत उठता उठेना. दुसरी पंगत उन्हात भुकेने कासावीस होऊन उभी होती. नवरदेव मात्र डोळे मिटून चावत होता. पोरगं शहाणं.

संध्याकाळी शीतलची पाठवणी झाली. गाडी वळली, धूळ बसली, पाव्हणे पांगले. बैठकीत मी, बहीण आणि दाजी उरलो. तक्ता पुन्हा आपल्या जागी टांगलेला होता. बहिणीने दाजींना ताट वाढलं. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, चावला, चावला, आणि कसाबसा गिळून ताट बाजूला सारलं.

"काहून, दाजी?" मी विचारलं. "जेवा की."

"उतरून न्हाई राहिलं."

ते उठले. इतक्या वर्षांच्या सवयीने छडी हातात घेतली आणि तक्त्यापाशी गेले. छडी तोंडावर ठेवली, घशावर आणली, अन्ननलिकेवरून हळूहळू खाली नेली. "इथं रस्ता मोकळा हाय," पुटपुटले. जठरावर टेकवली. "इथं बी काही न्हाई." मग छडी तिथून निघाली आणि अन्ननलिकेच्या शेजारी, छातीत जरा डावीकडे, येऊन थांबली. "इथं अडकलंय," ते म्हणाले. चित्रात तिथे काही काढलेलंच नव्हतं. कोरा कागद होता.

बहीण आत गेली आणि ताकाचा पेला घेऊन आली. दाजींनी तो घेतला आणि न चावता एका दमात पिऊन टाकला.