सुगंधाचं गाऱ्हाणं

त्या सकाळी मला प्रार्थना करता आली नाही, हे आधीच कबूल करते. परळच्या हॉस्पिटलात ह्यांची बायपास होती. आठ वाजता आत नेणार होते, आणि सातपासून मी पलंगाशेजारी हात जोडून बसले होते. 'हे स्वर्गीय पित्या' याच्या पुढे एक अक्षर सुचेना. भायखळ्याच्या आमच्या छोट्या मंडळीत तीस वर्षं संडे स्कूलची बाई म्हणून मिरवले मी. लग्न असो, मयत असो, प्रार्थना म्हटली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळायच्या. आणि आज घरच्या माणसाची पाळी आली तर तोंडाला कुलूप. कारण मला पक्कं ठाऊक होतं. दहाच दिवसांपूर्वी मी एका बाईची प्रार्थना अर्ध्यावर तोडली होती.

ती बाई म्हणजे सुगंधा. सासर लालबागचं, माहेर मालवणकडचं. दीड वर्ष उपासनेला येऊन मागच्या बाकावर बसायची. कुठल्याशा हॉस्पिटलात आया आहे एवढं माहीत होतं. कुठल्या, हे विचारायची मला कधी गरज वाटली नाही. तिथल्या एका पेशंटबाईसाठी लोक प्रार्थनेला यायचे, ते ऐकता ऐकता तिला येशूची ओढ लागली. घरच्यांशी भांडणतंटा न करता, त्यांना नीट सांगून तिनं बाप्तिस्मा मागितला. आता मंडळीच्या कमिटीनं होकार द्यायचा होता, आणि कमिटीत मी. त्या शुक्रवारी महिलांच्या सभेत पाळकांनी तिला प्रार्थना करायला सांगितलं. ती उभी राहिली, पदर सावरला आणि चक्क गाऱ्हाणं घालू लागली. तिचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. एकानं देवापुढे मागणं मांडायचं आणि जमलेल्यांनी दर मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. देवाशी बोलायचं ते असंच, हे तिच्या कानांत लहानपणापासून बसलेलं. "बा देवा म्हाराजा," म्हणून ती आमच्याकडे बघत थांबली. कुणीच काही म्हणेना. मी म्हटलं, "सुगंधा, बस खाली. हे देवळातलं आहे, इथलं नाही." ती बसली. वर मी पाळकांना सांगून टाकलं की हिला अजून वर्षभर थांबवा, आधी आपल्या रीतीभाती शिकू दे. कमिटी त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी बसायची होती आणि माझा शब्द सहसा कुणी मोडत नाही.

पाळक एवढंच म्हणाले, "बाई, हा वाद पहिल्या मंडळीत होऊन गेलाय ना? तुम्हीच तर शिकवता." शिकवते ना! दरवर्षी शिकवते. सुरुवातीचे विश्वासणारे सगळे यहुदी. मग परके लोक येशूवर विश्वास ठेवून दाराशी आले, तेव्हा काहींनी हट्ट धरला, आधी आमच्यासारखी सुंता करा, आमचं खाणंपिणं, आमचे नियम घ्या, मगच आत या. यरुशलेमेत मोठी चर्चा झाली आणि ठरलं, देवानं ज्यांना जवळ केलं त्यांच्या वाटेत आपण उभं राहायचं नाही. ते परके आत आले म्हणून आज आपण आत आहोत, असं मी पोरांना दरवेळी सांगायची. त्या हट्टी माणसांची नक्कलही करायची, आणि पोरं हसून लोळायची. ती मला इतकी हुबेहूब कशी जमायची, ते आता कळतं. तेव्हा मात्र पाळकांचाच राग आला आणि आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

आठला स्ट्रेचर आलं. ओढणाऱ्या बाईच्या तोंडावर मास्क, डोक्यावर हिरवी टोपी. तिनं ह्यांच्या पायांवरची चादर नीट केली आणि हळूच म्हणाली, "बाई, मी सुगंधा." लिफ्टमध्ये मी भिंतीकडे बघत उभी राहिले. थिएटरच्या दाराशी आम्हाला थांबवलं, आतून बोलावणं यायचं होतं. तोवर थट्टा करत आलेल्या ह्यांनी एकदम माझा हात धरला. हात गार पडलेला. "काहीतरी म्हण गं," म्हणाले. मी तोंड उघडलं. काही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मग तिच्याकडे वळले. "सुगंधा, तू तरी म्हण." तिनं मास्क खाली केला, ओठ उघडले, मग तिची नजर माझ्यावर गेली आणि तिनं ओठ मिटले. आतून ह्यांच्या नावाचा पुकारा झाला. ती स्ट्रेचरची दांडी धरून खाली मान घालून उभी. माझ्या मनात आलं, हे परत आलेच नाहीत तर? तर ह्यांच्या कानांवर शेवटी पडलेलं काय, माझं गप्प राहणं आणि माझ्या धाकानं तिचं गप्प राहणं. मला माझीच शरम वाटली.

"घाल गं गाऱ्हाणं," मी म्हणाले. "तुला येतं तसं घाल."

तिनं डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, येशू म्हाराजा, ह्या तुझा लेकरू आज तुझ्या दारात इला हा. तेका भिया वाटता." आणि ती थांबली. उत्तर द्यायला तिथे माझ्याशिवाय होतं कोण?

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

"डागदरांच्या हातार तुझो हात ठेव, आणि जसा आत नेतंव तसाच भायर घेवन ये म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." या खेपेला ह्यांचाही बारीकसा आवाज माझ्या आवाजात मिसळला. दार उघडलं आणि सुगंधा त्यांना आत घेऊन गेली.

पाच तास मी त्या बाकड्यावर बसून होते. मोठमोठे शब्द आठवावेसेही वाटले नाहीत. तुझ्या हातात आहे, एवढंच मनात येत होतं आणि तेवढं पुरत होतं. हे सुखरूप बाहेर आले. डॉक्टरांचे हात होते, औषधं होती, मी चमत्काराची फुशारकी मारत नाही. पण इतक्या मोठ्या मुंबईत त्या सकाळी ते स्ट्रेचर ओढायला देवानं सुगंधालाच का पाठवलं, ते माझ्यापुरतं मला समजलं. हे परत आले नसते तर मी असंच लिहिलं असतं का, असं मी स्वतःला कितीदा तरी विचारलंय. लिहिलं असतं, असं वाटतं. माझ्यातली गाठ सुटली ती ते दार उघडण्याआधीच सुटली होती. देवाच्या स्वाधीन व्हायचं म्हणजे आपली रीतसुद्धा त्याच्या हाती सोडायची, हे मला साठाव्या वर्षी एका आयानं शिकवलं.

त्या रविवारी कमिटीत मी माझा शब्द मागे घेतला आणि सुगंधाला बोलावून सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. महिन्याभरानं तिचा बाप्तिस्मा झाला. पाळकांनी तिला प्रार्थना करायला सांगितलं, तर ती माझेच शब्द पाठ करून आलेली. "हे स्वर्गीय कृपाळू पित्या, आम्ही तुझी अपात्र लेकरं..." आणि अडकली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली. पहिल्या बाकावरून मी मोठ्यानं म्हणाले, "व्हय म्हाराजा."

सुगंधानं माझ्याकडे बघितलं. ओल्या डोळ्यांनी हसली, पदर सावरला. "बा देवा म्हाराजा," तिनं सुरू केलं आणि ती थांबली. माझ्या आधी ह्यांनीच उत्तर दिलं, छातीवरच्या टाक्यांच्या व्रणावर हात धरून.