भावोजींनी वाचलेला रस्ता

ऐंशीनंतरच्या दोन-चार वर्षांतली गोष्ट. माझे धाकटे दीर मुंबईत कारकून होते. त्यांनी एक जुनी फियाट घेतली आणि मे महिन्यात ती चालवत थेट आमच्या मांडवीच्या घरी आले. गाडी लहान होती. तिच्याबद्दलचं त्यांचं ज्ञान मात्र दारात मावत नव्हतं.

पावसजवळच्या एका गावात लग्न होतं. परतताना अंधार पडला. पुढे भावोजी आणि आमचे हे, मागे मी आणि यजमानांनी दिलेले दोन फणस.

"वहिनी, अंधारात रस्ता बघायचा नसतो, वाचायचा असतो," भावोजींनी शिकवणी सुरू केली. "उजेड लांब पसरला की उतार. जवळ आला की चढ. झाडांवर गेला की वळण."

हे मान डोलावत होते. मुंबईहून आलेल्या माणसाने काहीही सांगितलं तरी ते डोलावत. मी याच रस्त्याने, वाटेतल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावरच्या शाळेत शिकवायला रोज एसटीने जात होते. पण मला कोणी विचारलं नाही.

सड्यावर एके ठिकाणी रस्ता फुटतो. डावीकडे खड्ड्यांनी भरलेलं डांबर, उजवीकडे ट्रकांनी दाबून गुळगुळीत केलेली तांबडी वाट.

"भावोजी, डावीकडे घ्या."

"वहिनी, खड्डा असला की सावली पडते. उजवीकडे आहे एक तरी सावली? हाच मुख्य रस्ता."

"त्याला कळतं," हे म्हणाले.

दोन मिनिटांत दिव्यांचा उजेड अगदी जवळ आला आणि तिथेच थांबला. समोर दोन पुरुष उंचीची, तासून काढलेली तांबडी भिंत.

"चढ दिसतोय," भावोजी म्हणाले.

"चढ नाही, चिरेखाण आहे," मी म्हटलं.

गाडी वळवायला जागा नव्हती. दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या राशी. मागे तर काहीच दिसेना. शेवटी मी बॅटरी घेऊन उतरले आणि नव्या शालूत, धुळीतून, गाडीच्या मागे मागे सरकत "थोडं डावीकडे, थांबा, आता या" करत राहिले. भावोजी मी सांगेन तसं चाक फिरवत होते. तरीही मागचा एक दिवा राशीवर आपटून फुटलाच.

खोपटातून राखणदार बाहेर आला. "गाडीवाले सगळे हिकडंच येतात," तो शांतपणे म्हणाला. "एसटी तेवढी येत नाय."

घरी आल्यावर भावोजींनी सासऱ्यांना सांगितलं, "पाटी नाही, काही नाही. उजेडावरून मी वेळीच ओळखलं म्हणून वाचलो." हे मान डोलावत होते.

सासऱ्यांनी माझ्या शालूकडे पाहिलं. गुडघ्यापर्यंत तांबडी माती. दुसऱ्या दिवशी भावोजींनी संध्याकाळी गणपतीपुळ्याला जायचा बेत काढला, तेव्हा सासरे म्हणाले, "जा. पुढे सूनबाईला बसव."

भावोजी थोडा वेळ गाडी पुसत राहिले. मग म्हणाले, "त्यापेक्षा सकाळीच जाऊ."