कोम्पिराचे पिंप

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी मद्रासच्या एका इंग्रजी दैनिकात बंदराच्या बातम्या पाहत असे. रोज सकाळी जहाजांची यादी घ्यायला बंदराच्या कचेरीत जावे लागे. यादी देणारे कारकून माझे वडील होते. तंजावरी मराठ्यांना त्या शहरात सगळे ‘राव’ म्हणत, त्यांनाही म्हणत.

एका सकाळी एन्नोरचा एक कोळी त्यांच्या टेबलासमोर उभा होता. शेजारी कस्टम्सचा अधीक्षक, आणि जमिनीवर बादलीएवढे लाकडी पिंप. पिंपाला काठी बांधलेली, काठीला फाटके निशाण, त्यावर जपानी अक्षरे. ते कोळ्याला समुद्रात तरंगताना सापडले होते. वाडीतल्या बायकांनी त्याला हळदकुंकू लावले होते. समुद्राने दिलेली वस्तू आधी अम्मन देवीपुढे ठेवायची, अशी त्यांची रीत. आत काहीतरी डुचमळत होते, आणि वासावरून ते पाणी नव्हते.

मद्रासेत तेव्हा दारूबंदी होती. कोळ्यापुढे तुरुंग होता.

“प्यायची असती तर इथे कशाला आणली असती, सार?” कोळी म्हणाला.

“अर्धी पिऊन आणली असशील,” अधीक्षक म्हणाला.

“बूच बघा. मेणसुद्धा हललं नाही.”

धक्क्याला लोहखनिज भरायला आलेले एक जपानी जहाज होते. वडिलांनी त्यावरच्या एका अधिकाऱ्याला बोलावून घेतले. त्याने निशाण वाचले आणि टोपी काढली. मग मोडक्या इंग्रजीत सांगितले: जपानात एका डोंगरावर कोम्पिरा देवाचे देऊळ आहे. तो दर्यावर्दींचा रक्षक. ज्या खलाशांना तिथवर जाता येत नाही ते तांदळाच्या दारूचे पिंप, निशाण लावून, समुद्रात सोडतात. ज्याला सापडेल त्याने ते देवळाकडे पोचवायचे, पुण्य दोघांनाही. त्याच्या जहाजावरही सुकाणूच्या खोलीत या देवाचे छोटे देवघर होते. पिंप न्यायला तो तयार होता.

वडिलांनी संकोचून हळदकुंकवाकडे बोट दाखवले. “हे पुसून देऊ का?”

“राहू द्या. वाटेत कुठे थांबलं होतं ते देवाला कळेल.”

अधीक्षक बधला नाही. “म्हणजे दारूच. फोडा, पंचनामा करा.”

फोडले तर तो नैवेद्य राहत नव्हता आणि कोळी सुटत नव्हता. वडिलांनी एक वही पुढे ओढली. परदेशातून येऊन परदेशी जाणारा माल त्या वहीत नोंदला जाई. तो बंदरात उघडत नसत आणि दारूबंदी त्याला लागू नव्हती. पण प्रत्येक नोंदीला मालक लागे.

“मालक कोण लिहिणार, राव?”

“कोम्पिरा देव, जपान.”

“देव मालक?”

“मैलापूरच्या देवळाच्या जमिनी कोणाच्या आहेत, सार? देवाच्याच ना? कोर्टात दावेसुद्धा त्याच्या नावाने चालतात. आपला देव मालक होतो, मग त्यांच्या देवाने काय घोडं मारलंय?”

“आणि हा?”

“हा वाहतूकदार. मालकाचा माल त्याने बंदरात पोचवला.”

अधीक्षकाने नोंद दोनदा वाचली. “वरून विचारणा आली तर नोकरी तुमची जाईल, माझी नाही.”

“म्हणून आधी माझी सही,” वडील म्हणाले आणि त्यांनी ती केली. अधीक्षकाने तिच्याखाली आपली केली.

बंदराच्या नोंदी पुढे मी बरीच वर्षे वाचल्या. त्या नोंदीइतकी नेमकी दुसरी पाहिली नाही. बातमी मात्र दिली नाही. मुलाने बापाची बातमी देऊ नये, असे माझे मत होते आणि आहे.

कोळ्याला जायला सांगितले, तरी तो हलेना.

“माझं नाव घातलं का त्यात?”

वडिलांनी वही फिरवून इंग्रजी ओळ दाखवली.

“हे मला वाचता येत नाही. त्या देवाला येतं का?”

अधीक्षकालाही हसू आले. वडिलांनी एका चिठ्ठीवर ते नाव तमिळमध्ये लिहिले. जपानी अधिकाऱ्याने कोळ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतले, तमिळ अक्षरांखाली आपल्या लिपीत उतरवले आणि चिठ्ठी निशाणाच्या काठीला बांधली.

पिंप हातात धरून तो जहाजाची शिडी चढला. कोळी धक्क्यावर उभा राहून पाहत होता. शेजारी वडील उभे होते. कामाची घंटा होऊन गेली होती, तरी ते टेबलाकडे परतले नाहीत.