जागृतीचे शुभेच्छुक

आमच्या घणसोली गावात बॅनर लागल्याशिवाय कुठलीच गोष्ट घडली असं धरत नाहीत. बारसं असो, दहावी पास असो, नवी गाडी असो, नाक्यावर बॅनर हवाच. खाली 'शुभेच्छुक' म्हणून सगळ्या भाऊबंदांचे फोटो. एकाचा राहिला तर वर्षभर अबोला. आणि ज्याचा फोटो लागला, त्यानं त्या कार्याला उभं राहायचंच. नाही राहिला तर गाव त्याला सुखानं चहा पिऊ देत नाही.

हे सांगायचं कारण माझी भाची जागृती. माझ्या धाकट्या भावाची, हरेशची मुलगी. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अंगानं काडी, पण नाकाच्या शेंड्यावर राग. माझ्यावर गेलीय, दुसरं काय! तिला महापेच्या एका कंपनीत नोकरी करायची होती, आणि माझ्या थोरल्या भावाला, सदूदादाला, ती करू द्यायची नव्हती. "चार चाळींचं भाडं येतंय, आपल्याला काय कमी हाय? पोरगी कामाला गेली तर लोक काय बोलतील?" हरेश थोरल्यापुढे तोंड उघडतो ते फक्त जेवायला. म्हणजे दादा नाही म्हणाला की विषय संपला. मला बारावीनंतर असंच घरी बसवलं होतं. अजून आठवलं की डोकं फिरतं.

दादाला दिसू नये म्हणून जागृती रेझ्युमे लिहायला माझ्याकडे आली. नाव, पत्ता, टक्के झटपट लिहून झाले. मग आलं 'अनुभव', आणि पोरीचं पेन थांबलं.

"लिही ना, घरात सतरा माणसांचा स्वयंपाक येतो," मी म्हटलं.

"आत्या, ती कंपनी आहे. स्थळ नाही."

"बरं, छंद?"

"वाचन."

"तू? कधी गं?"

"सगळे तेच लिहितात, तू गप्प बस ना!"

अर्धं पान कोरंच राहिलं. ती तेच घेऊन हिरामणकडे गेली. गावातले सगळे बॅनर हाच बनवतो. "टाईप करून कंपनीला मेल कर," असं सांगून, पत्ता देऊन, ही बया कॉलेजला पळाली.

आता हिरामणला कोरी जागा बघवत नाही. त्यानं आधी मागं गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. मग जागृतीचा कुणाच्या तरी हळदीत काढलेला फोटो, गॉगलसकट. तरी खाली जागा उरलीच. मग सवयीनं त्यानं दादाला फोन लावला. "आबा, आपल्या जागृतीचं बनवतोय. तुमचा फोटो टाकू ना?"

कसलं, कशाचं, दादानं काही विचारलं नाही. "म्हंजे? मला सोडून करनार होतास? आनि पहिला टाक. मोठा."

दादानंतर हरेश, मग काका, मामा, आतेभाऊ. अकरा शुभेच्छुक झाले. पाठवूनही दिलं. संध्याकाळी जागृतीनं ते बघितलं आणि माझ्या ओट्यावर बसून हमसून हमसून रडली. "आत्या, वाट लागली माझी! आयुष्यात कोणी नोकरी देणार नाही." मला खरंच वाईट वाटलं. हसूही येत होतं, ते मी पदरात दाबलं.

आणि कंपनीतून बोलावणं आलं! तिथल्या मॅडम म्हणे पहिल्यांदा पोट धरून हसल्या. मग विचारलं, हे कोण, ते कोण? जागृतीनं सगळ्यांची ओळख करून दिली. हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून मध्ये मामा. यांचा फोटो लहान, कारण ते रुसले तरी लाडू दिला की हसतात. काम होतं ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं. मॅडमनी तिथल्या तिथे घेतली, सोमवारपासून, कॉलेज सुटल्यावर दुपारच्या पाळीला.

पेढे घेऊन आम्ही घरी गेलो. दादा झोपाळ्यावर बसला होता. ऐकलं आणि पेढा हातातच राहिला. "कोनाला विचारून? मी नाही बोललो होतो ना? उद्या फोन करून नको म्हनून सांग."

हरेश जमिनीकडे बघत होता. मी तोंड उघडणार, एवढ्यात जागृतीनं मोबाईल दादापुढे धरला.

"आबा, हा पहिला फोटो कोणाचा?"

"माझा."

"खाली काय लिहिलंय?"

दादानं चष्मा लावला. वाचलं. परत वाचलं. "हिरामननं फोन केलेला, त्यो ह्यो कागद व्हता?"

"हाच कंपनीत गेला. तुमच्या शुभेच्छांसकट."

झोपाळा थांबला. दादानं चष्मा काढून खिशात ठेवला. मग पेढा तोंडात टाकला आणि हरेशवर खेकसला, "बघतोस काय? पोरगी सोमवारी कामाला जानार, तिच्या डब्याचं बघ."

मी पटकन दुसरा पेढा पुढे केला. तेवढ्यात दादा पुढे म्हणाला, "आनि पहिल्या दिवशी मी येनार सोडायला. फोटो लावलाय, म्हंजे उभं रावाला लागनारच."